आजोबांची जुनी रॅले परत रस्त्यावर आणायची असेल तर

सगळ्यात आधी एक ऐका, सायकल उचलून लगेच दुकानात न्यायची आणि "सगळं नवीन टाकून द्या" म्हणून सोडून यायचं, हे अजिबात करू नका. एवढं ऐकलंत तरी अर्धी सायकल वाचली. मी जीव तोडून सांगतेय कारण आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची रॅले मी अशीच एका दुकानात ओव्हरऑइलिंगला टाकली होती. तिथे बीबीचा, म्हणजे फ्रेमच्या तळाशी पायडलचा एक्सल जिथे फिरतो त्या जागेचा, डावा कप (छर्रे बसतात ती आट्यांची वाटी) झिजलाय म्हणून नवीन कप आणला, तो दोन आट्यांच्या पुढे जाईना, तर पाना लावून जोर काढून काढून बसवला. सायकल घरी आली ती पायडलला कट कट आवाज करतच, आणि आठ दिवसांत कप निम्मा बाहेर. नवीन कपाचे आटे इंचाला २४ असतात आणि रॅलेचे असतात २६. डोळ्याला फरक दिसत नाही, पण लोखंडाला कळतो. जुनी कंपनी ओळखता येणं याला म्हणून महत्त्व आहे, नुसती हौस म्हणून नाही.

तर आधी तुमच्याकडे नक्की काय आहे ते बघा.

हँडलच्या खाली पुढच्या नळीवर बिल्ला असतो. त्यावर बगळ्याचं डोकं आणि नॉटिंगहॅम, इंग्लंड असं असेल तर सायकल विलायती. सेन-रॅले असेल तर ती आपल्याकडची, बंगालात आसनसोलला बनलेली. बिल्ला गेलेला असेल तर घाबरू नका, पायडलच्या मोठ्या चक्राकडे बघा, बऱ्याच रॅलेंच्या चक्रात बगळ्याच्या डोक्यांची नक्षी कापलेली असते. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा वरचा भाग गोल नळीसारखा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना क्रोमच्या टोप्या, हीसुद्धा रॅलेची खूण. आणि नटबोल्ट पुसून बघा, कंपनीने स्वतःचे नटबोल्टसुद्धा स्वतःच्या नावाने बनवलेत, म्हणून एकही नट फेकू नका. आटे इंची मापाचे आहेत, आजचा मिलिमीटरवाला नट त्यावर चढणार नाही, आणि चढवलात तर दोन्ही खराब.

हा बगळा आला ही कंपनी मोठी करणाऱ्या बाउडेन घराण्याच्या चिन्हातून. नॉटिंगहॅम शहरात रॅले स्ट्रीट नावाच्या गल्लीत १८८० च्या दशकात तिघांचं एक छोटंसं वर्कशॉप होतं, वुडहेड, अँगॉइस आणि एलिस. बारा-एक माणसं आणि आठवड्याला ३ सायकली, बस. फ्रँक बाउडेन नावाचा माणूस हाँगकाँगला पैसा कमावून तब्येत बिघडवून परत आला होता, डॉक्टरने त्याला सायकल चालवायला सांगितलं, त्याने घेतली ती या लोकांची. तब्येत सुधारली, सायकल आवडली, म्हणून हा गृहस्थ थेट वर्कशॉप बघायला गेला आणि १८८७ मध्ये त्यात पैसे घातले, डिसेंबर १८८८ मध्ये रीतसर कंपनी झाली. कंपनीचं नाव गल्लीचं आणि गल्लीला नाव सर वॉल्टर रॅलेचं. मला हे फार आवडतं, की ज्याला खरोखर सायकलने बरं केलं त्याने ती कंपनी मोठी केली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हीच कंपनी वर्षाला दहा लाखांच्या घरात सायकली काढत होती.

आपल्या कामाचा इतिहास मात्र पुढचा आहे. स्वातंत्र्यानंतर बाहेरच्या तयार मालावर बंधनं आली, तेव्हा विलायती कंपन्यांनी इथल्या लोकांना धरून इथेच कारखाने काढले. रॅलेने बंगालातल्या सेन नावाच्या उद्योजकांबरोबर आसनसोलला, आणि ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने मुरुगप्पा घराण्याबरोबर १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला, जिथून आपल्या हर्क्युलस, फिलिप्स आणि बीएसए आल्या. गंमत अशी की तिकडे विलायतेत १९६० मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सचा सायकलचा धंदा आणि रॅले एकत्र झाले, म्हणजे जी नावं आपल्या बापजाद्यांनी एकमेकांविरुद्ध भांडून निवडली ती तिकडे एकाच छपराखाली. पण आटे एक झाले नाहीत! म्हणून हर्क्युलसचा बीबी कप रॅलेला बसेल असं कुणी ठासून सांगितलं तरी आधी हाताने फिरवून बघा. हाताने दोन-तीन फेऱ्यांच्या पुढेही सहज गेला तर आपला, नाही गेला तर पाना हातात घेऊच नका.

वर्ष काढायचं असेल तर मागच्या चाकाचा हब, म्हणजे चाकाच्या मधली जाड नळी, पुसा. तीन गिअरची सायकल असेल तर हबच्या नळीवर स्टर्मी-आर्चर हे कंपनीचं नाव, एडब्ल्यू हे मॉडेल आणि शेजारी आकडे ठोकलेले असतात. आमच्या हबवर ५२ आणि ७ निघालं, म्हणजे १९५२ चा जुलै. टूथब्रश आणि डिझेलने घासत होते, काळं निघता निघता पहिल्यांदा पाच दिसला, मी तशीच ओल्या हातांनी आईला बोलवायला धावले. अण्णा प्रेसमध्ये होते, नाशिकरोडला, आणि ही सायकल त्यांनी देवळाली कॅम्पातून सेकंडहँड घेतली होती एवढंच घरात माहीत होतं, वर्ष कुणालाच सांगता येत नव्हतं. फक्त एक लक्षात घ्या, ती तारीख हबची आहे, चाक कधी बदललं असेल तर सायकल त्याहून जुनी असू शकते. आणि आपल्याकडच्या बहुतेक रॅले बिनगिअरच्या आहेत, साधं फ्रीव्हील, तर त्यांना हबबद्दलचं पुढचं सगळं सोडून दिलं तरी चालेल.

आता कामाला लागू.

खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, भरपूर काढा, विशेषतः ब्रेकच्या दांड्या कुठून कुठे जातात ते. केबलवाल्या ब्रेकची सवय असलेल्या माणसाला या दांड्या परत जोडताना घाम फुटतो. मग प्रत्येक जोडावर डिझेल सोडा, पूर्वी रॉकेल वापरायचे पण ते आता कुठे मिळतंय. एक दिवस नाही, तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ चार-चार थेंब. घाई करणारा माणूस इथेच बोल्ट तोडतो. हँडल काढताना वरचा बोल्ट पूर्ण काढायचा नाही, चार-पाच फेरे ढिला करायचा, वर लाकडाचा ठोकळा ठेवून एक ठोका द्यायचा, आतली पाचर खाली सुटते आणि हँडल डावी-उजवीकडे हलवत वर येतं. सीटचा दांडा पण असाच, फिरवत फिरवत काढा, सरळ ओढू नका.

छर्रे पडतात. पडतातच. खाली जुनी पांढरी चादर अंथरा आणि प्रत्येक ठिकाणचे छर्रे वेगळ्या वाटीत ठेवा, कारण मापं वेगवेगळी आहेत. बीबीमध्ये एका बाजूला पाव इंचाचे ११ असतात, दोन्हीकडे मिळून २२. जुने परत टाकू नका. छर्रे स्वस्त असतात आणि जुन्यावर बारीक खड्डे पडलेले असतात, ते नवीन कप पण खाऊन टाकतात.

कॉटर पिन. इथे थोडं थांबून वाचा कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पायडलचा दांडा एक्सलवर एका तिरक्या पिनेने अडकवलेला असतो, ती कॉटर. दुकानात काय करतात, नट काढला आणि हातोडीने दण्ण. सगळा मार एक्सलवरून छर्ऱ्यांवर आणि छर्ऱ्यांवरून कपावर जातो, कपात खड्डे पडतात, आणि मग म्हणायचं जुन्या सायकलचा बीबी असाच आवाज करतो. नाही करत. आमच्या जुन्या नाशकातल्या सायकल दुरुस्त करणाऱ्या चाचांनी मला जे दाखवलं ते असं. लोखंडी पाइपचा तुकडा घ्यायचा, बरोबर जमिनीपासून पायडलच्या दांड्यापर्यंत पोचेल इतक्या लांबीचा, तो पिनेच्या जाड डोक्याखाली असा उभा करायचा की पिनेचं डोकं पाइपच्या भोकात उतरू शकेल आणि दांडा पाइपच्या कडेवर टेकेल. म्हणजे मार जमिनीत जातो, छर्ऱ्यांत नाही. नट पूर्ण काढायचा नाही, पिनेच्या टोकाशी बरोबर सपाट होईल इतका ढिला करून ठेवायचा म्हणजे आटे मोडत नाहीत. मग जड हातोडी घ्यायची आणि एकच मारायचा, नेमका. चाचांनी हातोडी उचलली, एकदा पिनेवर नुसती टेकवून बघितली, श्वास सोडला आणि मारलं, पिन "टक्" करून पाइपात पडली, मला वाटलं होतं अर्धा तास जाईल. हलके हलके वीस ठोके मारलेत तर पिन मशरूमसारखी पसरते आणि मग ती ड्रिल करूनच काढावी लागते.

नवीन कॉटर आणताना माप बघा, इंग्रजी सायकलला साडेनऊ मिलिमीटरची लागते, ९ ची बसते पण डुगडुगते. पिनेची सपाट बाजू एक्सलच्या खाचेवर अख्खी टेकली पाहिजे, नाही टेकत तर कानशीने थोडी थोडी घासून बसवा, सपाटच घासा, गोल करू नका. बसवताना दोन्ही पिना उलटसुलट. पायडल आडवे धरा, एका बाजूच्या पिनेचा नट वर आला तर दुसऱ्या बाजूचा खाली यायला हवा. एकाच बाजूने दोन्ही घातल्या तर पायडल एका रेषेत राहत नाहीत, आणि चालवताना कंबर दुखते ती का दुखते ते कुणाला कळत नाही.

बीबीचा उजवा कप, म्हणजे चेनच्या बाजूचा, उलट्या आट्यांचा असतो. घट्ट करायला डावीकडे, ढिला करायला उजवीकडे फिरतो. तो चांगला असेल तर काढूच नका, आतल्या आत पुसा आणि ग्रीस भरा. माझं जे नुकसान झालं होतं, डावीकडच्या आट्यांचं, ते चाचांनी दुरुस्त केलं आणि त्यासाठी त्यांनी काही महागडं हत्यार वापरलं नाही. दुकानातून परत मिळालेल्या पिशवीत जुना झिजलेला कप होता. तो त्यांनी घेतला, बाहेरच्या आट्यांवर करवतीने तीन उभ्या खाचा पाडल्या, तेल लावलं, आणि तो कप फ्रेममध्ये अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर असा घालत गेले. खाचांमध्ये लोखंडाचा चुरा जमत गेला, चाचा तो फडक्याने पुसायचे आणि परत. पाऊण तास. शेवटी आटे सरळ झाले आणि दुसऱ्या एका जुन्या रॅलेतून काढलेला कप बोटांनी आत गेला. म्हणून म्हणते झिजलेला भाग पण फेकू नका, आणि दुकानात देताना स्पष्ट सांगा की काढलेलं सगळं सामान मला परत पाहिजे.

बीबीचा एक्सल वाकलेला किंवा खाल्लेला असेल तर सातपूर-अंबडला लेथवाले आहेतच, जुना नमुना हातात द्या आणि पोलादाचं बनवून घ्या. हे आपल्या नाशकाचं भाग्य आहे, दुसऱ्या गावात लोक ऑनलाइन पार्ट शोधत बसतात.

आता हब, माझा सगळ्यात लाडका भाग.

स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब रॅलेने १९०२-०३ च्या सुमारास हाती घेतला आणि एडब्ल्यू हे मॉडेल १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलं. ते इतकं चांगलं जमलं की मूळ रचना आजपर्यंत तीच. आत काय आहे ते समजून घ्या, म्हणजे भीती जाते. मधोमध एक २० दात्यांचं चक्र आहे, ते एक्सलचाच भाग आहे, फिरत नाही. त्याच्याभोवती २०-२० दात्यांची चार छोटी चक्रं एका पिंजऱ्यात बसवलेली, आणि त्या सगळ्यांना बाहेरून वेढणारी ६० दात्यांची रिंग, जिचे दाते आतल्या बाजूला. हिशोब असा पडतो की पिंजरा ३ वेळा फिरला की रिंग ४ वेळा फिरते. झालं, सगळं गुपित एवढंच. तिसऱ्या गिअरला चेन पिंजऱ्याला फिरवते आणि चाक रिंगेवर असतं, म्हणजे ३ चे ४ होतात, सायकल पळते. पहिल्या गिअरला उलटं, चेन रिंगेला फिरवते आणि चाक पिंजऱ्यावर, ४ चे ३, म्हणजे चढ सोपा. दुसऱ्याला चेन आणि चाक दोन्ही रिंगेवरच, जेवढ्यास तेवढं. हे सगळं एका मुठीएवढ्या डब्यात, आणि ७० वर्षांनी पण चालतं, मला तर हात जोडावेसे वाटतात.

बहुतेक बंद पडलेले हब खराब झालेले नसतात, आतलं तेल वाळून गोंदासारखं झालेलं असतं. म्हणून खोलायच्या आधी हे करून बघा. हबच्या नळीवर एक छोटं झाकण असतं तेलासाठी. त्यातून चमचाभर डिझेल सोडा, चाक हाताने फिरवा, आडवं ठेवा, पलटा, परत फिरवा, रात्रभर राहू द्या. काळं पाणी गळेल, गळू द्या, खाली पेपर टाका नाहीतर घरचे ओरडतील. दोन-तीनदा केलं की मग चमचाभर बाईकचं इंजिन ऑइल. ग्रीस चुकूनही भरू नका त्या भोकातून, आतले खटके चिकटतात. खटके म्हणजे चाचा ज्यांना कुत्ते म्हणतात ते, स्प्रिंगवर बसलेले छोटे दात, चाकाला पुढे ढकलणारे. शिलाई मशीनचं तेल पण नको, फार पातळ असतं, लगेच गळून जातं.

खटके सुटले की नाही ते कानाला कळतं. पायडल मारत असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला हलकी टिक टिक ऐकू यायला पाहिजे, पहिल्या गिअरला पायडल मारताना आवाज नाही. पहिल्यांदा जेव्हा आमच्या हबमधून टिक टिक आली तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अण्णा आले असं वाटलं गं," आणि मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

गिअर लावायची पद्धत नीट करा कारण इथे चूक झाली तर माणूस पडतो. उजव्या बाजूच्या एक्सलमधून एक बारीक साखळी बाहेर येते. ती आधी पूर्ण आत फिरवून घट्ट करा, मग जास्तीत जास्त अर्धा फेरा उलट फिरवा, केबलच्या दिशेला येईल अशी. आता हँडलवरची गिअरची कळ दुसऱ्या गिअरला ठेवा. उजव्या नटाच्या बाजूला एक भोक असतं खिडकीसारखं, त्यातून आत बघा, मोबाइलचा टॉर्च लावा. साखळीला जोडलेली बारीक दांडी दिसेल, ती जिथे जाडीची बारीक होते ती पायरी बरोबर एक्सलच्या टोकाच्या रेषेत आली पाहिजे. केबलचा स्क्रू फिरवून तिथे आणा आणि त्यावरचा छोटा नट घट्ट करा. झालं. सेटिंग हललं की दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक पोकळ जागा आहे तिथे गिअर अडकतो, पायडल रिकामं फिरतं, आणि तुम्ही चढावर उभे राहून जोर लावत असाल तर छाती हँडलवर आदळते. म्हणून महिन्यातून एकदा खिडकीत बघायचंच. गिअर बदलताना पायडल मारणं क्षणभर थांबवा, बदला, मग मारा.

हबवर एडब्ल्यू न लिहिता एसडब्ल्यू लिहिलेलं असेल तर मात्र जपून, ते १९५० च्या दशकाच्या मध्यात थोडीच वर्षं काढलेलं मॉडेल होतं आणि गिअर सटकण्यासाठी बदनाम आहे. माझं मत विचाराल तर तो हब कपाटात ठेवा आणि एडब्ल्यू शोधा. सामानाची काळजी करू नका, नॉटिंगहॅमचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला आणि पाडलासुद्धा, पण स्टर्मी-आर्चर २००० मध्ये तैवानच्या सनरेसने घेतली आणि तीन गिअरचे हब अजून बनतात, एडब्ल्यूसाठी लागणारं बरंच किरकोळ सामान मिळतं.

आणि एक बदल जरूर करा, मूळपणाच्या विरुद्ध आहे पण करा. मागचं छोटं चक्र बहुतेक १८ दात्यांचं असतं, जे विलायतेत तरुण माणसाला ठीक. आपल्याला रामकुंडावरून मालेगाव स्टँडकडे चढायचंय. ते काढून २२ चं बसवा, एका गोल क्लिपने अडकवलेलं असतं, स्क्रू ड्रायव्हरने क्लिप उचकटली की निघतं. पुढे ४६ दाते असतील तर १८ च्या चक्राने पहिल्या गिअरला एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वाचार मीटर जाते, २२ ने साडेतीन. ऐकायला थोडं वाटतं, गुडघ्याला विचारा. चेन मात्र दोन कड्या वाढवावी लागेल. हब फार जुना असेल तर चक्र आट्यांनी बसवलेलं असतं, ते घरी नाही निघणार.

रंगाबद्दल मी हट्टी आहे. रंगवू नका. रॅलेवाले रंगाच्या खाली लोखंडाला फॉस्फेटचा थर द्यायचे, म्हणून इतक्या वर्षांनीही रंगाखालचं लोखंड चांगलं निघतं. वरचा तेलकट काळा थर डिझेलच्या फडक्याने पुसा, मग साबणाचं पाणी, मग गाडीचं वॅक्स पॉलिश. सोनेरी रेघा आणि अक्षरं असतील तिथे डिझेल नको, नुसतं ओलं फडकं, तेही हलक्या हाताने, मी एका बाजूची रेघ अशीच घालवलीय आणि अजून हळहळते. क्रोमवरचा तांबडा गंज काढायला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून पाण्यात बुडवून घासा, विश्वास बसणार नाही इतकं चकचकीत होतं. जिथे रंग उडून लोखंड उघडं पडलंय तिथे नुसतं तेलाचं बोट फिरवत राहा. पावडर कोटिंग करून आणलेली जुनी सायकल म्हणजे फोटोतून माणूस पुसून नुसती चौकट ठेवल्यासारखं आहे.

चामड्याची सीट असेल तर पुढचा ताणायचा नट अगदी थोडा, पाव फेरा, तोही चामडं खाली लोंबलं असेल तरच. खोबरेल तेल चोपडू नका, मऊ पडून झोळी होते.

टायरची काळजीच नाही. २८ बाय दीड हे माप आपल्याकडे अजून कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतं, दूधवाल्याच्या सायकलला तेच लागतं. २६ ची असेल तर १ पूर्णांक ३/८ चं टायर आहे का ते जुन्या टायरवर वाचून जा, नुसतं छब्बीस म्हणालात तर दुकानदार माउंटनवालं जाडं देईल आणि ते रिमवर बसत नाही. चाकाचा आऊट, म्हणजे चाक फिरताना डुलतं तो वाक, मात्र जाणत्या माणसाकडूनच काढून घ्या. इंग्रजी चाकात पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, नवीन रिम घेताना दुकानात हे सांगा, नाहीतर दोन्हीकडे ३६ भोकांच्या रिम हातात पडतात आणि तुमचा हब बाजूला राहतो.

दांड्यांचे ब्रेक रिमला आतून, म्हणजे आऱ्यांच्या बाजूने वर ओढून लागतात. रबर आणि रिममध्ये तीन मिलिमीटर अंतर ठेवा आणि दोन्ही रबरं एकदम टेकतात का बघा, एक आधी टेकलं की चाक एका बाजूला खेचलं जातं. कोरड्यात हे ब्रेक छान लागतात. पावसात मात्र ओल्या क्रोमच्या रिमवर ब्रेक धरला की काही क्षण काहीच होत नाही, सायकल जातच राहते. त्यामुळे जून ते सप्टेंबर रविवार कारंज्यासारख्या गर्दीत ही सायकल नेऊ नका, आणि नेलीच तर लांबूनच ब्रेक हलका धरत या म्हणजे रिम पुसली जाते.

पहिली फेरी सकाळी लवकर काढा, गंगापूर रोडने सोमेश्वरकडे, रस्ता ओळखीचा आणि परत यायला सोपा. खिशात पाना, कॉटरचा नट आणि व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा. सायकलिंगवाल्यांच्या गावात राहतो आपण, महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने पार केली ते आपल्याच नाशिकचे, त्यामुळे वाटेत हेल्मेटवाले कुणी ना कुणी थांबवून विचारतीलच, त्यांना हबवरची तारीख दाखवा. पन्नास किलोमीटर झाले की दोन्ही कॉटर परत घट्ट करा, नवीन पिना पहिल्या आठवड्यात बसतात आणि नट थोडा ढिला होतो. तेव्हाच ढिला तसाच चालवलात तर पिनेला पायरी पडते आणि मग परत तो पाइप आणि ती हातोडी. हबला दर महिन्याला इंजिन ऑइलचे चार थेंब, आता चमचा नको, जास्त झालेलं डावीकडून गळून आऱ्यांवर येतं.